कालोलीचा गुडघा

"बिबट्या पुसला. आता सिंव्ह बी पुसतो. मग काय पुसू, भिंत पुसू व्हय?"

"तू आदी खाली ये, सालोंगो."

"न्हाई येत. खाली आलो की तुमी मला समजावता, आनि समजावलं की मी परत वर चढून पुसतो. हितनंच सांगा, कुनाला काय डाचलं."

शिडीवर चुन्याची बादली अडकवून कासियानो उभा होता आणि शिडीच्या बुडाशी चेअरमन गेरेवाझिओ. कॉफीची गिरणी गेरेवाझिओची, कॉफीचं गोदाम त्याचं, आणि गोदामाची मैदानाकडची लांबलचक भिंतही त्याचीच. त्यामुळं फुटबॉल क्लबाचा चेअरमन दुसरा कुणी व्हायचा प्रश्नच नव्हता.

"शेजारच्या दोन गावांच्या शर्टावर सिंव्हच हाय," चेअरमन म्हणाला. "आनि सिंव्ह देवक असलेली तीन घरं हायती आपल्यात. बाकीची मानसं म्हनत्यात, मग त्यांचीच टीम झाली की ही."

"ह्ये सोमवारी न्हाई सुचलं?"

"सोमवारी बिबट्या व्हता."

कासियानोनं वरूनच त्याच्याकडं बघितलं. मग ब्रश चुन्यात बुडवला आणि सिंहाच्या तोंडावरून सपकन फिरवला. डोळे आधी गेले. आयाळ तेवढी पिवळी-पिवळी चुन्यातून दिसत राहिली, ती पुन्हा दोन हात दिल्यावर गेली. हा गुरुवार सकाळचा प्रकार. माझं सायकलचं दुकान त्याच्या पाट्या रंगवायच्या शेडला लागून, त्यामुळं त्या आठवड्यात मी पंक्चर कमी काढली आणि भांडणं जास्त ऐकली.

कासियानोला कासियानो म्हणणारं आता गावात एकच माणूस उरलं होतं, त्याचा थोरला चुलता. बाकी सगळ्यांना तो सालोंगो. जुळ्यांचा बाप झाला की माणसाचं नाव जातं आणि सालोंगो राहतं. बायको नालोंगो होते. त्याच्या जुळ्या पोरी, बाबिरिये आणि नाकातो. बाबिरिये कंपालात केस विणायच्या दुकानात लागली. नाकातो मागं राहिली ती गोलकीपर म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि असलं तर ती सांगत नव्हती.

ही पोर गोलकीपर झाली ती बापामुळंच. सालोंगोच्या शेडमागं फणसाचं झाड आहे. फणस पिकला की तो वर चढायचा आणि खाली लेकीला झेलायला उभी करायचा, कारण पडून फुटला तर गर मातीत जातो. आठ वर्षांची असल्यापासून ती फणस झेलायची, काटे टोचत असताना. फुटबॉल त्यापुढं मऊच म्हणायचा.

गावच्या पोरींचा संघ तीन वर्षं खेळत होता. नाव नव्हतं. मसाकाच्या रस्त्यावरचे लोक त्यांना 'किटुलिंड्याच्या पोरी' म्हणायचे, तेवढ्यावर भागायचं. मागल्या साली जिल्ह्यानं बायकांची लीग काढली, तेव्हा नाव आणि चिन्ह नसल्यानं यांचा अर्ज परत आला. या साली पुन्हा पत्र आलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत मसाकाच्या कचेरीत नाव, चिन्ह आणि चिन्हाचा फोटो. नंतर येणाऱ्याला घेणार नाही. नाकातो एकवीस वर्षांची झाली होती. बाबिरियेनं तिच्यासाठी कंपालात खुर्ची धरून ठेवली होती. नाकातो एवढंच म्हणाली होती, "औंदा खेळाया मिळालं तर ऱ्हाते, न्हाई तर जाते." सालोंगोनं ते ऐकलं, मान हलवली आणि त्याच दिवशी भिंतीला चुना दिला.

सोमवारचा बिबट्या मी विसरणार नाही. तीस वर्षं हा माणूस न्हाव्यांच्या पाट्यांवर डोकी, दवाखान्याच्या पाट्यांवर सुया आणि बसच्या मागं देवाची नावं काढत आला. मनासारखं जनावर काढायला भिंत कुणी दिली नव्हती. बिबट्याचे ठिपके त्यानं ब्रशनं काढलेच नाहीत, अंगठ्यानं उठवले. एकेक ठिपका, मधे जरा रिकामा ठेवून. दुपारपर्यंत तो बिबट्या असा बघायला लागला की नालोंगोची शेळी दिवसभर त्या बाजूला फिरकली नाही.

मंगळवारी मातायो आला. मोटरसायकलवर माणसं वाहतो तो. त्याच्या दोन बहिणी संघात, दोघी बचावाला. त्यांचं देवक पाणमांजर.

"चित्र झ्याक हाय," मातायो म्हणाला. "पर माज्या बहिनी ह्ये छातीवर लावनार न्हाईत."

"का?"

"गेल्या साली कुळांच्या सामन्यात बिबट्यावाल्यांनी आमाला हरवलं. हरवलं ते हरवलं, वर आमच्या ढोलकऱ्याच्या म्होरं जाऊन नाचली. आनि आता त्येंचाच बिबट्या आमी मिरवायचा?"

"आरं, पर ही गावाची टीम. कुळाची न्हवं."

"मग गावाचं कायतरी काढ."

गावाचं काय काढणार? गावात आहे काय? केळी, कॉफी आणि रस्ता. चौदा पोरी आणि त्यांची नऊ देवकं. आमच्याकडं जे जे देखणं, जे जे जोरकस, ते कुणाच्या ना कुणाच्या कुळानं आधीच उचललेलं. हत्ती त्यांचा, रेडा ह्यांचा, मुकुटवाला बगळा तिसऱ्यांचा. आपल्या देवकाला कुणी खात नाही, मारत नाही, आणि दुसऱ्याच्या देवकाखाली उभंही राहत नाही. सालोंगोचं देवक अळंबी. नालोंगोचं नाकतोडा. नोव्हेंबरात ती गावाला नाकतोडे तळून घालते, मीठ चाखायलासुद्धा एक तोंडात टाकत नाही, दुसऱ्याला विचारते, "बरं झालंय का मीठ?"

तर गुरुवारी सिंह पुसून सालोंगो खाली उतरला आणि चेअरमननं त्याला एक युक्ती सांगितली.

"समद्यांची देवकं काढ. एक ढाल काढ मोठी, तिच्यात नऊच्या नऊ. कुनी बोलायला जागाच न्हाई ऱ्हानार."

"आनि नाव?"

"नाव 'समद्यांची टीम'."

"ह्ये नाव हाय व्हय?"

"शनवारी बारा वाजता नाव हाय."

सालोंगोनं पाच डबे उघडले. पाट्यांतून उरलेले रंग त्याचे, चुना चेअरमनचा. गुरुवारचा अख्खा दिवस तो ढालीत देवकं बसवत होता. नऊ देवकं एका ढालीत बसवणं म्हणजे लग्नाच्या घरात व्याह्यांना ओळीत बसवणं. वर कोण, खाली कोण, कुणाचं तोंड कुणाकडं. चिखलातला मासा सापागत दिसायला लागला म्हणून त्याला मिशा काढल्या. काळीज देवक असलेल्यांसाठी काळीज काढलं, तर पोरी म्हणाल्या हे प्रेमाच्या कार्डावरचं आहे. मग खाटकाच्या दुकानात जाऊन खरं बघून आला आणि तसं काढलं. संध्याकाळी उरली अळंबी. ती त्यानं सगळ्यात खाली, सगळ्यात लहान काढली. रंगारी स्वतः, देवक स्वतःचं. मोठं काढलं असतं तर लोक म्हणाले असते, हातात ब्रश आहे म्हणून घर भरलं. हा त्याचा साधा विचार. चुकला तो इथंच.

शुक्रवारी सकाळी त्याचा थोरला चुलता, पोलिकापू, टेकडीवरून मोटरसायकलवर बसून आला. पांढरा पायघोळ अंगरखा, वर कोट, हातात काठी. ऐंशीच्या पुढचं वय. बाप गेल्यावर चुलता म्हणजे बापच. ताता म्हणजे बाप, म्हणून सालोंगो त्याला थोरला ताता म्हणतो. म्हातारा उतरला, भिंतीजवळ गेला आणि काठी टेकून बराच वेळ बघत राहिला. आम्ही सगळे मागं उभे.

"कासियानो."

"जी, थोरल्या ताता."

"ही खाली बारीक काय हाय?"

"अळंबी."

"आपली?"

"व्हय, आपलीच."

"आनि हिच्यावर काय हाय?"

सालोंगोनं बघितलं. मीही बघितलं. तोवर खरंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रानरेड्याला जागा लागते म्हणून त्याला रुंदीत घेतला होता, आणि त्याचा पुढचा खूर बरोबर अळंबीच्या छत्रीवर आला होता.

"रेड्याचा पाय," सालोंगो म्हणाला.

"पावसात वाटंवर अळंबी दिसली तर तुजा बाप वळसा घालून जायाचा. चिखलातनं जायाचा पर वळसा घालायचा. आनि तू तिला भिंतीवर काढून रेड्याखाली दिलीस. परक्यानं काढली असती तर म्या म्हनलं असतं, त्येला म्हाईत न्हाई."

"मी लहान काढली ती मोठेपना नगो म्हनून, थोरल्या ताता."

"लहान काढ. पायाखाली नगो काढू."

म्हातारा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. आणि त्यानं तोंड उघडल्यावर बाकीच्यांना वाट मिळाली. मातायो म्हणाला, पाणमांजराचं शेपूट उंदरागत दिसतंय. कुणी म्हणालं, नाकतोडा पाणमांजराच्या तोंडाशी कसा, तो काय त्याचा नाश्ता आहे? ज्यांचा रेडा, ते म्हणाले, आमच्या रेड्यानं मुद्दाम पाय दिला असं कुणी समजू नये, पण हलवायचा असेल तर अळंबी हलवा, रेडा नको. चेअरमन मधे मधे "बारा वाजता, उद्या बारा वाजता" म्हणत होता, जणू ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

गोलखांबाजवळ नाकातो चेंडू काखेत धरून उभी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. एवढंच केलं तिनं. मला वाटतं, त्यानं ते बघितलं.

ब्रश धुतलेल्या पाण्याची बादली होती. आठवडाभराचे सगळे रंग तीत उतरून पाणी घाण करडं झालेलं. सालोंगोनं तीत उरलेला चुना ओतला, काठीनं ढवळलं आणि ती बादलीच भिंतीवर मारली. मग रुंद ब्रश घेऊन डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, ढाल आणि तिच्यातली नऊ देवकं सगळी सारवून टाकली. भिंत पावसाळी आभाळागत झाली. आपापलं देवक पुसलं गेलं याचं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण शेजाऱ्याचंही गेलं होतं.

"सालोंगो, आता काय?" चेअरमननं विचारलं.

मैदानाच्या कडेला उकिरडा आहे, आणि उकिरडा आहे म्हणून कालोली आहेत. करकोच्याच्या जातीतला तो टकल्या पक्षी, माणसाच्या छातीएवढा उंच, गळ्याला लोंबती गुलाबी पिशवी, अंगावर काळा कोट घातल्यागत पंख. त्यातला एक रोज गोलच्या आडव्या दांडीवर येऊन बसतो. त्या वेळीही बसला होता. सालोंगोनं त्याच्याकडं एकदा रागानं बघितलं, काळा डबा उघडला आणि ओल्या भिंतीवरच काढायला लागला. ब्रश असा आपटत होता की रंग त्याच्याच तोंडावर उडत होता. पंख दोन फटक्यांत. चोच एका. पिशवीला न्हाव्याच्या पाटीतला गुलाबी. पाव तास लागला असेल. मग ब्रश फेकला.

"घ्या. ह्यो कुनाचा हाय सांगा. इचारा थोरल्या ताताला."

म्हाताऱ्याला खरंच विचार पडला. तो बोटांवर कुळं मोजायला लागला, ओठ हलवत. बावन्न कुळं मोजायला वेळ लागतो. एकदा मधेच विसरला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. सगळे थांबले.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "ह्यो कुनाचाच न्हाई."

"उकिरड्यावरचं पाखरू," मातायो म्हणाला. "लोकं हसतील."

"हसू द्या. पर तुजं हाय का?" सालोंगोनं विचारलं.

"माजं कशापाय आसंल?"

"मग गप ऱ्हा."

नाकातो उठली होती. "माज्या गोलवर रोज बसतंय ते," ती म्हणाली. "काल चेंडू दांडीला आदळला, त्याच्या पायाखाली. हाललं बी न्हाई. माज्याकडं वाकून बघितलं निस्तं."

"तुला चालंल?" चेअरमननं विचारलं.

"मला डुक्कर बी चालंल. अर्ज लिवा."

मुसलमान पोरी दोन होत्या संघात, त्यांनी तिच्याकडं बघितलं. "डुक्कर न्हाई चालनार," त्यातली एक म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा सगळे हसले. सालोंगो सोडून. चेअरमननं तेवढ्यात गोदामाच्या पायरीवर बसून अर्जात 'किटुलिंडे कालोली' लिहून टाकलं. हसणं थांबून कुणाला काही सुचायच्या आत त्यानं मोबाइलवर भिंतीचा फोटोही काढला. शनिवारी सकाळी मातायोच अर्ज घेऊन मसाकाला गेला. उकिरड्यावरचं पाखरू खिशात घालून, तोंड वाकडं करून गेला. पण अकराच्या आत पोचला आणि शिक्का मारलेली पावती घेऊन आला.

नाकातोनं त्याच दिवशी बहिणीला फोन केला. काय बोलली ते ठाऊक नाही. मला आवाज आला तो एवढाच: "ती खुर्ची दे दुसऱ्या कुनाला."

गोष्ट इथं संपायला हवी होती. सालोंगोची नाही संपली.

सोमवारी सकाळी तो राग उतरवून, स्वच्छ शर्ट घालून भिंतीकडं गेला. तीन दिवसांनी प्रथमच त्यानं आपलं काम नीट बघितलं. मी टायर घेऊन बसलो होतो, मला त्याची पाठच दिसत होती. ती पाठ एकदम ताठ झाली.

"ये रं हिकडं," त्यानं मला हाक मारली. "ह्येचा गुडघा बघ."

"काय झालं गुडघ्याला?"

"पाखराचा गुडघा मागं वाकतो. म्या पुढं काढलाय. मानसागत."

खरंच होतं. रागाच्या भरात त्यानं एक पाय जरा उचललेला काढला होता, आणि तो माणसासारखा पुढं वाकला होता. मला म्हणाल तर मी आयुष्यात कुठल्या पाखराचा गुडघा बघितला नव्हता. पण एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसेना.

तो काळा डबा घेऊन शिडी लावतोय तोच चेअरमन गिरणीतून पळत आला. कॉफीचा भुसा त्याच्या भुवयांवर.

"हात लावू नगंस."

"पाय चुकलाय. दोन मिन्टांचं काम हाय."

"फोटो गेलाय आसाच. शिक्का बसलाय. कागदावर लिवलंय, जसं फोटोत तसंच शर्टावर, न्हाई तर रेफ्री पोरींस्नी मैदानात घेनार न्हाई."

"आरं, पर पाखराचा पाय आसा नसतोय."

"कचेरीला म्हाईत न्हाई ते."

"मला म्हाईत हाय."

"सालोंगो, ऐक..."

"आठवडाभर तुमी मला पुसाया लावलं. बिबट्या पुसलात. तो बिबट्या पुसलात माजा. आता मी माज्या मनानं एक पाय पुसतो म्हनतो, तर न्हाई?"

चेअरमननं शिडी धरून ठेवली. वर चढू देईना. ही शिडी कुणाची यावर थोडं झालं. शिडी सालोंगोची होती, भिंत चेअरमनची. शेवटी सालोंगोनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, बुक्की मारून. तीस वर्षांत पाटी लिहिताना अक्षर चुकलं तर रातोरात दुसरा पत्रा आणून पुन्हा लिहिणारा माणूस हा. आता गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला मैदानापलीकडून तो गुडघा दिसणार, आणि विचारलं तर नाव त्याचंच सांगणार.

शेडमध्ये येऊन त्यानं एक जुनी एक्स-रेची फिल्म पुढ्यात घेतली. दवाखान्याची पाटी लिहिली तेव्हा अशा बऱ्याच मिळाल्या होत्या. साचे कापायला त्या बऱ्या पडतात. कुणाच्या तरी बरगड्या होत्या तीत. फोटोवरून कालोली उतरवून घेतला आणि पात्यानं कापायला बसला. चोच कापली, पिशवी कापली. पायाशी आल्यावर थांबला. पातं मागच्या बाजूला नेलं, पुन्हा पुढं आणलं.

नाकातो चौदा शर्टांचा गठ्ठा घेऊन आली. पिवळे शर्ट. तिनं साच्यातून आरपार बघितलं.

"बरा दिसतोय की, ताता. जनू किक मारायला पाय उचललाय."

"पाखरं किक मारत न्हाईत."

"आमच्या पोरी म्हनत्यात, ह्यो मारतोय. त्यांना लई आवडलाय."

"त्यांना काय कळतंय?"

तिनं शर्टांचा गठ्ठा सोडला. पहिला शर्ट पाटावर पसरला, सुरकुत्या हातानं काढल्या आणि कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सालोंगोनं फोटोकडं एकदा शेवटचं बघितलं आणि गुडघा कापला, पुढं, फोटोत होता तसाच.

बाहेरून न्हावी ओरडला. त्याची तीन डोक्यांची पाटी पंधरा दिवसांपासून अर्धी पडली होती. एका डोक्याला कान नव्हता. "सालोंगो, माजी डोकी कवा?"

"आदी चौदा गुडघे," सालोंगो म्हणाला, स्पंजाचा तुकडा काळ्या रंगात बुडवला, कडेला निथळला आणि पहिल्या शर्टावर साचा दाबून धरला.